चार वाजताची नळी

गोळीनं कुंडलिकचा दमा गेला आणि तोंड गोल झालं. विक्रोळीच्या पार्कसाइटला, टेकडीच्या उतारावरच्या त्यांच्या चाळीत लोकांना यातलं फक्त दुसरं दिसलं. चार वर्षांत गाल फुगले, हनुवटीखाली आणखी एक हनुवटी आली, पोट पुढं आलं. हातपाय मात्र काड्यांसारखे झाले. पण हातपाय कोण बघतो? "कुंडलिकराव, मुंबई मानवली बरं का तुमाला," असं शेजारचे भाऊराव रोज नळावर म्हणायचे. शहाऐंशी साली जयंती मंडळानं त्याला न विचारता उपाध्यक्ष केलं. इतक्या भरल्या चेहऱ्याचा माणूस अख्ख्या चाळीत दुसरा नव्हता.

कुंडलिक घाटकोपरला, आग्रा रोडवरच्या एका रंगखान्यात शेडमास्तर होता. सुताच्या लडी उकळत्या टाकीत बुडवून रंगवायच्या, आणि गिऱ्हाइकानं दिलेल्या तुकड्याशी रंग जुळला की नाही ते नुसत्या डोळ्यानं ठरवायचं, हे त्याचं काम. टाक्या ढवळायला सहा जण होते, पण 'झालं, काढा' म्हणणारा तो एकटा. अठरा वर्षं टाकीवर वाकून वाकून वाफ, अ‍ॅसिड आणि रंगाची भुकटी छातीत गेली, आणि मग छाती शिट्टी वाजवायला लागली.

चाळीच्या तोंडाशी एक डॉक्टर बसायचा, त्याला सगळे पुडीवाला म्हणत. तो पुडीतून तीन गोळ्या द्यायचा. एक गुलाबी, एक पिवळी आणि एक बारीक पांढरी. कुंडलिकनं रंगवाल्याच्या सवयीनं एकेक वेगळी खाऊन पाहिली. गुलाबीनं काहीच झालं नाही. पिवळीनं लघवी पिवळी झाली. पांढरीनं अर्ध्या दिवसात छाती मोकळी. मग डॉक्टरचं काय काम? पांढरी गोळी कागदात गुंडाळून तो औषधाच्या दुकानात गेला. दुकानदारानं चार डब्यांतल्या चार पांढऱ्या गोळ्या काढून पुढ्यात ठेवल्या.

"ही चुन्याची पांढरी," कुंडलिक म्हणाला. "ही दुधाची. ही जरा निळीवर जातीय. आपली पेजेची हाय. ही बगा."

गोळी बरोब्बर तीच निघाली. दुकानदार खूश झाला, म्हणाला, काय नजर आहे मास्तर तुमची. तेव्हापासून दिवसाला दोन, वाफ जास्त असली तर चार. असं चार वर्षं चाललं.

दिवाळी झाली आणि त्याला तहान लागायला लागली. आधी तांब्याभर, मग कळशीभर. लघवीला रात्रीतून पाच वेळा उठायचं, म्हणजे पाच वेळा उतार उतरून सार्वजनिक संडासापर्यंत जायचं आणि पाच वेळा चढून यायचं. बायको शांताबाई पहाटे भाजी आणून विक्रोळी स्टेशनाबाहेर विकायची. तिची झोप त्याच्या उठण्यानं मोडायची.

"आवं, एकदाच काय ती करून या की."

"हप्त्यानं येतीया."

मुलगी विमला बारावीला शास्त्र घेऊन नापास झाली होती, त्यामुळे घरातला शास्त्राचा अधिकार तिच्याकडे होता. ती बिस्किटाच्या कारखान्यात पॅकिंगला जायची. पुढं पुढं तो रात्री मोरीतच उरकायला लागला, तिथं लागलेल्या मुंग्या तिनं बघितल्या आणि एक दिवस रजा टाकून बापाला मुन्शिपाल्टीच्या हॉस्पिटलात नेलं.

तिथल्या डॉक्टरीण बाईंनी रक्ताचा कागद बघितला, मग कुंडलिकचं तोंड बघितलं, मग त्याच्या मानेमागची चरबी दाबून बघितली.

"कुठली गोळी खाता?"

कुंडलिकनं खिशातून डबी काढली. बाईंनी डबी उघडून डोळे मिटले.

"कुणी दिली?"

"मीच हुडकली."

"मधुमेह झालाय तुम्हाला. या गोळीनं."

"बाई, गोळी कडू हाय."

"गोळी कडूच आहे. साखर ती अंगात करते. किती वर्षं?"

"चार."

बाई लिहायच्या थांबल्या. "हे बघा, ही आज एकदम सोडलीत तर जागेवर पडाल. शरीराला तिची सवय झालीय. मी सांगेन तशी पाव-पाव गोळीनं उतरवायची. साखरेसाठी वेगळी गोळी देते. आणि आजच डोळे दाखवा. चार वर्षं साखर अंगात फिरत असेल तर डोळ्यात काय केलंय ते बघायला पाहिजे."

डोळ्यात थेंब घालून त्याला अर्धा तास बाकावर बसवलं. मग अंधाऱ्या खोलीत एका तरुण डॉक्टरनं भिंगातून इतका उजेड टाकला की कुंडलिकला आपल्याच डोळ्यातल्या शिरा झाडाच्या फांद्यांसारख्या दिसल्या. त्याआधी त्यानं तक्त्यावरची शेवटची ओळसुद्धा धडाधडा वाचली होती, खालच्या छापखान्याच्या नावासकट.

"नजर उत्तम आहे," डॉक्टर म्हणाला. "मोतीबिंदू नाही. पण डोळ्याच्या आतल्या पडद्यावर ठिपके आलेत. बारीक, लाल, टाचणीनं टोचल्यासारखे. दोन्हीकडे."

"मला तर सगळं दिसतंय."

"आत्ता दिसणारच. ही सुरुवात आहे. दिसायचं कमी होईल तेव्हा उशीर झालेला असेल."

"मग औषध?"

"डोळ्याला सध्या काही नाही. साखर धरून ठेवायची आणि सहा महिन्यांनी यायचं."

"थेंब तरी?"

"नाही."

"चष्मा?"

"कशाला?"

कुंडलिक स्टुलावरून उठला नाही. इतक्या लांब येऊन, इतक्या रांगा लावून रोग मिळाला होता आणि औषध काहीच नाही. मग त्यानं खरा प्रश्न विचारला. "डाक्टर, मी शेडमास्तर हाय. मोरपंखी नि रामा कलर, मला पंधरा फुटावरनं येगळा कळतो. त्ये जाईल का?"

"साखर अशीच राहिली तर तुमच्यासारख्या माणसाला तेच आधी जाईल कदाचित. बाकीच्यांना कळणारही नाही."

घरी जाताना उन्हात सगळा आग्रा रोड ब्लीच मारल्यासारखा पांढराफटक दिसत होता. विमलानं त्याचा दंड धरला होता. "रंगखान्यात सांगू नगंस कुणाला," तो म्हणाला. "अंधळा मास्तर कोन ठिवून घील?"

"आंधळे झालात का तुम्ही?"

"शेट थांबनार न्हाई तवर."

दुसऱ्या दिवसापासून घरात प्रयोगशाळा सुरू झाली. विमलानं हॉस्पिटलातून चिठ्ठी आणून निळं औषध, काचेची नळी आणि स्पिरिटचा दिवा घेतला. चमचाभर निळं औषध, त्यात आठ थेंब लघवी, आणि दोन मिनिटं उकळायचं. निळंच राहिलं तर साखर नाही. हिरवं झालं तर थोडी, पिवळं झालं तर बरीच, नारिंगी झालं तर पुष्कळ, आणि विटकरी झालं तर बोलायलाच नको.

सकाळी सहाला पहिली नळी उकळली. निळी.

"निळी!" शांताबाई भाजीची पाटी उचलता उचलता ओरडली. "आवं, निळी हाय!"

दारावरून जाणारे भाऊराव थांबले. त्यांना काय चाललंय ते सांगितल्यावर ते गंभीर झाले. म्हणाले, "निळी म्हंजे चांगली? मग बरोबरच हाय. जय भीम," आणि नळाकडे गेले.

दुसऱ्या दिवशी निळी, तिसऱ्या दिवशी निळी. पंधरा दिवस रोज सकाळी निळी. मेथीची भाजी आणि ज्वारीची भाकरी खाऊन कंटाळलेल्या कुंडलिकनं सोळाव्या दिवशी विमलानं आणलेली तुटकी बिस्किटं पावशेर खाल्ली. सतराव्या सकाळी तरीही निळी. "ह्यो रोग न्हाईच मला," तो म्हणाला. "हास्पिटलात कागद बदलला आसंल कुणाचा तरी."

महिन्यानं डॉक्टरीण बाईंनी दुपारी जेवल्यावरचं रक्त काढलं. साखर तीनशे वीस.

"रोज निळी येती बाई. पोरीला विचारा."

"कधी तपासता?"

"सकाळी. उपाशी."

बाईंनी कपाळ धरलं. "तुमची पांढरी गोळी सकाळी आठला पोटात जाते. तिचा जोर चढतो दुपारी. संध्याकाळपर्यंत साखर वर, रात्रभरात उतरते. सकाळी निळी येणारच. चोर गेल्यावर दाराला कडी लावताय तुम्ही. दुपारी चारला तपासा."

"चारला मी टाकीवर असतो."

"मग टाकीवर तपासा," बाई म्हणाल्या आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

रंगखान्यात वाफेच्या हॉलला लागून एक खोली होती. तिला रंगखोली म्हणत. तिथं तराजू, रंगांच्या बरण्या, छोटी शेगडी आणि नमुने काढायच्या नळ्यांचं लाकडी घोडं होतं. त्या खोलीत मास्तर आणि त्याचा मदतनीस लवू यांच्याशिवाय कुणी येत नसे. लवू देवगडकडचा, पन्नाशीचा, दातात कायम तंबाखू. त्याला सांगणं भाग होतं.

"म्हंजे तू हय मुतून थय उकळतलंस?" लवूनं विचारलं.

"मुतायचं भाईर. उकळायचं हितं."

"नि माका काय करूचा आसा?"

"दारात हुबा ऱ्हा. कोन येतंय बग."

लवू दारात उभा राहिला. चार वाजता कुंडलिकनं नळी शेगडीवर धरली. निळं औषध हिरवं झालं, पिवळं झालं, नारिंगी झालं, आणि मग सगळी नळी दाट विटकरी रंगानं भरून आली. अठरा वर्षं तो रंग बघत होता, पण स्वतःच्या अंगातून निघालेला हा पहिलाच. त्यानं नळी घोड्यात ठेवली आणि स्टुलावर बसला.

"शेट येता हा!" लवू दारातून म्हणाला. तोवर शेठ आत आला होता. बरोबर साड्यांचा दलाल.

लग्नसराई तोंडावर होती. दलालाला काहीतरी नवं पाहिजे होतं. त्यानं शेडकार्डं चाळली, तोंड वाकडं केलं. "हे सगळं मागच्या सालचंच आहे शेठ. मार्केटमध्ये पब्लिक नवीन मागते." आणि मग त्याची नजर घोड्याकडे गेली. त्यानं नळी उचलून खिडकीच्या उजेडात धरली.

"अरे वा. हा कुठला कलर?"

लवूनं तंबाखू गिळली.

"ट्रायल चालू हाय," कुंडलिक म्हणाला.

"हाच पाहिजे! शेठ, हाच. काय डेप्थ आहे बघा. लाल नाही, तपकिरी नाही. हा एकदम..." दलालानं शब्द शोधला. "गुलाबजाम!"

"कुंडलिकभाई, तुम्ही तो छुपा रुस्तम निकला," शेठ म्हणाला. "गुलाबजाम शेड. लिहून घे. सोमवारपर्यंत सँपल पाहिजे."

ते गेल्यावर लवू बराच वेळ भिंतीला टेकून हसला. आवाज न करता, नुसते खांदे हलवत. कुंडलिक हसला नाही. त्याच्यापुढं अडचण होती. नळीतला रंग तासाभरात खाली बसत होता, म्हणजे त्याआधी तो सुतावर उतरवायला पाहिजे होता. त्यानं तराजू ओढला. लाल, पिवळा, चिमूटभर काळा. सात वेळा सूत बुडवलं, सात वेळा पिळून खिडकीत धरलं. आठव्या वेळी जुळलं. काम म्हणजे काम. रंगखान्याच्या इतिहासात कुठलीही शेड इतकी तंतोतंत जुळली नव्हती.

आठशे साड्यांचं सूत गुलाबजाममध्ये रंगलं. शेठ रोज चारच्या सुमाराला रंगखोलीत डोकवायला लागला. "शुं नवीन?"

इकडे डॉक्टरीण बाई दर पंधरा दिवसांनी पांढरी गोळी पावानं कमी करत होत्या आणि साखरेची गोळी वाढवत होत्या. शांताबाई न विकलेली मेथी घरी आणायची. मेथी विकली गेली तर कारली आणायची. भाकरी मोजून दीड. विमलानं तुटकी बिस्किटं शेजारच्या घरात द्यायला सुरुवात केली होती, आणि कुंडलिक संध्याकाळी शेजारच्या घरातली पोरं बिस्किटं खाताना बघत बसायचा. चारची नळी हळूहळू उतरत होती. जानेवारीत नारिंगी आली. दलालानं ती बघितली आणि जिलबी शेड निघाली. संक्रांतीनंतर एक दिवस हिरवट आली, तिला पिस्ता नाव पडलं. एक दिवस जवळजवळ निळी आली. कुंडलिक इतक्या दिवसांनी पहिल्यांदा मनातून सुखावला.

दलाल नळी परत ठेवत म्हणाला, "हे काय? निळा तर सगळ्यांकडेच आहे. मास्तर, हात गेला तुमचा. तो गुलाबजामवाला जोर कुठे गेला?"

"जोर कमी करायचा चाललाय," कुंडलिक म्हणाला.

गोळी उतरली तशी साखर उतरली, आणि साखर उतरली तशी छाती परत शिट्टी मारायला लागली. दोन्ही एकाच दोरीला बांधलेलं होतं. एक टोक खाली ओढलं की दुसरं वर. फेब्रुवारीत कामाचा लोंढा आला. सहाही टाक्या एकदम उकळत होत्या, हॉलमध्ये हातभरावरचं दिसत नव्हतं. अ‍ॅसिडचा डबा उघडला की कुंडलिक भिंतीला दोन्ही हात लावून वाकायचा आणि माशासारखं तोंड उघडझाप करायचा. ढवळणारी पोरं 'काढू का मास्तर?' विचारायची आणि त्याला 'काढा' म्हणायला श्वास पुरायचा नाही. तो हातानं खूण करायचा. एकदा खूण चुकली आणि एक टाकी पाच मिनिटं जास्त शिजली. शेठ सगळ्यांसमोर म्हणाला, "मोढामां लाडू छे? बोलायला काय होते?"

"मेल्या, गोळी खा नि मोकळो हो," लवू म्हणाला. "हंगाम सरलो की परत कमी कर. कोण बघता?"

जुनी डबी रंगखोलीतच, पिवळ्या रंगाच्या बरणीमागं होती. कुंडलिकनं दोन गोळ्या खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी चार. तिसऱ्या दिवशी छाती अशी मोकळी झाली की तो हॉलच्या या टोकावरून त्या टोकाला 'काढा!' म्हणून ओरडला. त्या दिवशी त्यानं चारची नळी उकळलीच नाही.

रविवारी तो घरी होता. चार वाजता विमलानं दिवा पेटवला.

"आज नगं," कुंडलिक म्हणाला. "सुट्टी हाय."

"साखरेला कुठं सुट्टी असते आप्पा?"

नळी उकळली. विमलानं दाट विटकरी झालेली ती नळी उजेडात धरली. आईला दाखवली. शांताबाई उंबऱ्यात मेथी निवडत बसली होती. तिनं नळीकडं बघितलं, मग नवऱ्याकडं.

"गोळी खाल्ली?" विमलानं विचारलं.

"न्हाई."

"आप्पा."

"आगं न्हाई म्हनलं ना. औषध जुनं झालं आसंल त्ये."

"औषध मी परवा आणलंय. किती खाल्ल्या?"

बाहेर कुणीतरी नळाची बादली ओढत नेत होतं.

"चार चार," तो शेवटी म्हणाला. "वाफंत उभं ऱ्हावंना. तुमी कदी उभं ऱ्हायलाय का तितं? श्वास घीऊ का डोळं वाचवू, येक काय ते सांगा. दोन्ही मला जमत न्हाई."

विमला रागानं काहीतरी बोलणार होती, पण शांताबाई आधी बोलली. मेथी निवडता निवडताच, वर न बघता.

"मी पंचवीस वर्सं पाटी उचलतीया. पाटी जड झाली तर जुडी कमी करत्यात. डोकं कमी करत न्हाईत."

"म्हंजी काय?"

"म्हंजी वाफेतनं भाईर निगा."

"आनि शेडमास्तरकी?"

"त्ये मला काय इच्यारता? त्ये मास्तरांनी बगावं."

सोमवारी डॉक्टरीण बाईंनी त्याला दहा मिनिटं रागावून घेतलं. मधल्यामध्ये वाढवलेली गोळी परत टप्प्याटप्प्यानं उतरवायला लावली, आणि तोंडात मारायचा पंप लिहून दिला. पंपातलं औषध सरळ छातीत जातं, त्यानं साखर फारशी चढत नाही, असं त्यांनी सांगितलं. "पण तुम्ही रोज आठ तास वाफ ओढणार असाल तर पंपही थकेल आणि मीही," त्या म्हणाल्या. शांताबाई जे म्हणाली तेच, फक्त शुद्ध भाषेत.

कुंडलिक तसाच रंगखान्यात गेला. शेठ गादीवर बसला होता. समोर गुलाबजाम शेडची नवी मागणी पडलेली होती.

"शेट, बोलायचं हाय."

"बोलो."

"मला वाफेत बसता यायचं न्हाई. गच्चीवर बसू द्या. लवू हितं टाकीत नमुना बुडवील, बादलीतनं वर पाठवील. मी वरनं सांगीन. खरं म्हंजी रंग उनातच बगायला पायजे, खाली दिव्यात न्हाई."

"गच्चीवर? मास्तर माणूस गच्चीवर? शुं थयुं तमने?"

त्यानं सगळं सांगितलं. दमा, पांढरी गोळी, साखर, डोळ्यातले ठिपके. 'डोळे' शब्द ऐकल्याबरोबर शेठ गादीवर सरळ झाला, आणि कुंडलिक तीन महिने ज्याला भीत होता ते त्याच्या तोंडावर दिसलं. शेठनं पोराला हाक मारून दोन लडी आणायला सांगितल्या. ढवळणारी सगळी पोरं दारात जमली.

"आमां कोणती डार्क?" शेठनं दोन्ही हातांत एकेक लडी धरली.

अठरा वर्षांनी परीक्षा. कुंडलिकनं लडी हातात घेतल्या नाहीत. तिथूनच बघितल्या. छातीतली शिट्टी सगळ्यांना ऐकू येत होती.

"कोनतीच न्हाई. येकच लड हाय ती. मदनं कापलीय."

शेठनं लडी खाली ठेवल्या. दारातली पोरं हसली. "आज ठीक छे," शेठ म्हणाला. "पण उद्या? परसों? डोळ्याचा रोग छे. मी धंदा करतो कुंडलिकभाई, दवाखाना नथी चलावतो. तुमची जागा आता दुसऱ्या कोईने..."

"पोरांना जरा भाईर जाऊ द्या."

पोरं गेली. लवू दारातच राहिला. कुंडलिकनं मागणीच्या कागदाकडं बघितलं.

"शेट, ती नळी. गुलाबजामची. चार वाजताची."

"हां?"

"रंग नव्हता त्यो. माजी लघवी हुती. साखर तपासत हुतो."

शेठ हसला. मग त्यानं लवूकडं बघितलं. लवू होकाराची मान हलवत होता. शेठचं हसू थांबलं. तो बराच वेळ बोटांवर काहीतरी मोजत बसला.

"जलेबी?"

"व्हय."

"पिस्ता पण?"

"ती जरा बरी हुती तवाची."

शेठनं चष्मा काढून धोतरानं पुसला. घरात, कुठल्या तरी खोलीत त्याच्या सुनेसाठी आणलेली गुलाबजाम शेडची साडी असावी, असं नंतर लवूचं मत पडलं. शेठ बोलला तेव्हा त्याचा आवाज अगदी बारीक होता.

"कोण कोण जाणे छे?"

"मी. लवू. आता तुमी."

"दलाल?"

"अजून नाय," लवू मध्येच म्हणाला.

कुंडलिकनं त्याच्याकडं रागानं बघितलं. त्याला तसं म्हणायचं नव्हतं. त्याला फक्त खरं सांगायचं होतं, म्हणजे पुढं खोटं बोलायचे कष्ट वाचले असते. पण बोलून झालं होतं, आणि शेठला ते पोचलं होतं.

"गच्ची जोईए ने?" शेठ म्हणाला. "बस गच्चीवर. खुर्ची घे, छत्री घे. पण वर बसून गप्प बस. समजला? पावसात पछी जोईशुं, नंतर बघू."

गच्चीवर वाळत घातलेल्या लडींच्या मध्ये, पाण्याच्या टाकीच्या सावलीला कुंडलिकची खुर्ची लागली. सकाळी तो दोन जिने चढायचा, प्रत्येक वळणावर थांबून पंप मारायचा, आणि एकदा चढला की संध्याकाळपर्यंत उतरायचा नाही. लवू खालून दोरी दोनदा हलवायचा. मग कुंडलिक कप्पीवरून बादली वर ओढायचा, ओल्या सुताचा नमुना उन्हात धरायचा, आणि चिठ्ठी लिहून बादली परत सोडायचा. 'पिवळा थोडा.' 'झालं.' 'काढा.' दोरीनं तळहाताला घट्टे पडले. मार्चमध्ये ऊन चढलं, एप्रिलमध्ये गच्ची तव्यासारखी तापली. ऊन, मेथी, दीड भाकरी, पंप, दोरी; असेच दिवस एकामागून एक गेले. पांढरी गोळी पाव राहिली, मग एक दिवसाआड पाव, आणि मग बाईंनी कागदावर तिच्या नावावर आडवी रेघ मारली. चाळीत लोक हळहळायला लागले. "उतरला हो कुंडलिक," भाऊराव म्हणायचे, "कसा गोल गरगरीत हुता." मंडळानं पुढच्या वर्षी नवा उपाध्यक्ष निवडला. जरा भरल्या अंगाचा बघून.

मेच्या शेवटी सहा महिने झाले. विमलाला रजा मिळाली नाही, म्हणून शांताबाई पाटी शेजारणीकडे ठेवून त्याच्याबरोबर हॉस्पिटलात आली. थेंब, बाक, अंधारी खोली, उजेड. डॉक्टर दुसराच होता. त्यानं आधीच्या कागदावर काढलेले ठिपके बघितले, भिंगातून बघितलं, परत कागद बघितला.

"किती हायत?" कुंडलिकनं विचारलं.

"मागच्या वेळी काढलेत तेवढेच. साखर कशी आहे?"

"दुपारची हिरवी येती. कदी कदी निळी."

"मग असंच चालू ठेवा. सहा महिन्यांनी या."

"गेलं न्हाईत व्हय ठिपके?"

"गेले नाहीत. वाढले नाहीत." डॉक्टरनं कागद परत दिला. "हे आता असंच बघत राहायचं."

बाहेर ऊन होतं. बाहुल्या ताणलेल्या डोळ्यांत ते सगळं एकदम शिरलं, आणि त्यानं कपाळावर हात आडवा धरला. शांताबाई पायरीवर बसली होती ती उठली.

"काय म्हनलं?"

"हाय तेवडंच हाय."

"म्हंजी बरं झालं का न्हाई?"

"बरं न्हाई व्हायाचं. वाडलं न्हाई."

शांताबाईनं त्यावर जरा विचार केला. "म्हंजी चांगलंच की. मग तोंड आसं का केलंय? हसा की जरा."

"डोळ्यांत थेंब हायत. नीट दिसाय लागलं की हसतो."

"कदी दिसंल?"

"सांजच्यापातुर."

"बरं," ती म्हणाली, आणि त्याच्या शर्टाची बाही धरून रस्ता ओलांडायला उभी राहिली.